चिचटोला डॉट इन

मी एक पत्ता आहे. मला शोधत पोस्टमन निघाला, तर त्याची सायकल वैनगंगेच्या पाण्याशी जाऊन थांबेल. ज्या गावाचं नाव मी लावतो, ते गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं. मी मात्र अजून वर आहे. 'चिचटोला डॉट इन' म्हणतात मला. कोणी फोनवर किंवा संगणकावर माझी अक्षरं दाबली की मी उघडतो. उघडा असेन तेवढा वेळच मला दिसतं, ऐकू येतं. मिटलो की सगळं शांत.

त्यामुळे माझी गोष्ट तुकड्यातुकड्यांचीच असणार. सांभाळून घ्या.

माझा जन्म भंडाऱ्याचा. बसस्टँडमागे अनुपचं इंटरनेटचं दुकान होतं, तिथला. जन्माआधीचं बोलणं मला ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण अनुपला ते इतकं आवडायचं, की पुढे कोणालाही मला उघडून दाखवताना तो ते नकलेसकट सांगे. ऐकून ऐकून मला पाठ झालं.

तेजराम नावाचे एक गृहस्थ त्याच्या दुकानात आले होते. भंडाऱ्याच्या पोस्टात टपाल निवडण्याचं काम करणारे, मूळचे चिचटोल्याचे. गाव उठून तेव्हा फार काळ झाला नव्हता. अर्धी घरं एका नव्या वसाहतीत गेली, अर्धी दुसरीत, दोन्हींच्या मधे बसचे दोन बदल. काही जण तर भिलाईला आणि सुरतेला निघून गेले. वसाहतीच्या पाटीवर गावाचं नाव लहान आणि 'पुनर्वसन' हा शब्द मोठा होता. बसचा कंडक्टरही "चला, पुनर्वसनवाले उतरा" असंच म्हणे. तेजरामांना ते फार लागायचं.

"गावाच्या नावाचा एक पत्ता पाहिजे," ते अनुपला म्हणाले. "कुठूनबी उघडता आला पाहिजे."

"घेऊन टाका डॉट कॉम, काका. सगळे तेच घेतात."

"कॉम म्हंजे काय?"

"धंदा. कंपनी, दुकान. आता तं कोणीबी घेते, पण मूळ अर्थ तोच."

"आमी कोनतं दुकान लावून राहिलो, बाबू? बुडालेलं गाव इकाचं हाय का?"

"मंग डॉट ऑर्ग घ्या. ते संस्थायसाठी."

"संस्था म्हटली का अध्यक्ष आला. अध्यक्ष आला का भांडण आलं. नको बाप्पा. तहसीलच्या पत्त्याले रायते ना, गव्ह डॉट इन, तशी शेपूट दे. आमचं गाव बी सरकारी नकाशात होतं."

"ते सरकारलेच भेटते. तुमाले-मले नाही. कॉलेजायची बी वेगळी रायते, एसी डॉट इन. ते बी आपल्या कामाची नाही."

"मंग आपल्यासारख्याले काय?"

"नुसतं इन. दोन अक्षरायची शेपूट म्हंजे देशाची. इन म्हंजे भारत. ते कोणीबी घ्यावं."

तेजरामांनी ती दोन अक्षरं बोटाने टेबलावर गिरवली. मग म्हणाले, "गाव अना देश. मधात तालुका-जिल्ह्याची झंझट नाही. हेच दे."

जिल्ह्याची झंझट त्यांनी जवळून पाहिली होती. गोंदिया वेगळा झाला, त्यानंतर कित्येक वर्षं तिकडच्या गावांची पत्रं 'जिल्हा भंडारा' लिहून इकडेच येत राहिली. "गाव तेच, घर तेच, मानूस तोच," ते म्हणत. "फक्त शेपूट बदलली, अना चिठ्ठी हिंडत बसली. म्हून पत्ता शेवटाकून वाचाचा. आधी जिल्हा, मंग तालुका, मंग गाव. मानसाचं नाव सगळ्यात मांगून."

"हे यंत्र बी तसंच वाचते, काका," अनुप म्हणाला. "आधी इन पाहते. भारताच्या दारी जाते. तिथं इचारते, चिचटोला कोनतं हो?"

"असं म्हनतं!" म्हणत तेजराम खुर्ची पुढे ओढून बसले. दुपारपर्यंत माझं बारसं उरकलं.

खरं सांगायचं तर माणसं माझ्या शेवटाकडे पाहतच नाहीत. त्यांना वाटतं, चपलेला जसा खिळा, तसं ते काहीतरी आहे. पण आम्हा पत्त्यांमध्ये ओळख पटते ती शेवटावरूनच. कॉमवाल्यांची वस्ती भर बाजारासारखी; कोण काय विकतो आणि कोण नुसताच उभा आहे, कळत नाही. ऑर्गवाले स्वतःला सेवेकरी म्हणवतात, पण त्यांची झडती कोणी घेत नाही. गव्हवाल्यांच्या फाटकावर मात्र खरा पहारा असतो. माझ्या नावाचा एक कॉमही आहे. कुठल्यातरी दूरच्या माणसाने तो घेऊन ठेवलाय आणि त्यावर 'विकणे आहे' एवढंच लिहिलंय. नाव एक, पण आमची कधी ओळख झाली नाही.

मला घेण्यामागे तेजरामांचा एकच हेतू होता. मंडई.

आमच्या भागात दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते. ज्या गावाची मंडई, त्या गावात त्या दिवशी घरोघर पाहुणे. सासरच्या लेकी येतात, सोयरिकी ठरतात, रात्रभर दंडारीचं नाच-नाटक चालतं. वर्षभर न दिसलेलं माणूस मंडईत दिसतंच. चिचटोल्याचा दिवस पूर्वीपासून ठरलेला होता. नव्या जागी मात्र तो दिवस आधीच शेजारच्या गावाने धरलेला निघाला. पाहुण्यासारखं आलेल्या गावाने त्यांना हटवायचं कसं? मग चिचटोलावाल्यांनी दर वर्षी मोकळा सापडेल तो दिवस घ्यायचा, असं ठरलं. पण तो सापडलेला दिवस भिलाईला आणि सुरतेला कळणार कसा?

म्हणून मी. दर दिवाळीच्या आधी तेजराम माझ्यावर सगळ्यात वर एक ओळ लिहीत. खाली चिंचेच्या झाडाचा एक फोटो, शाळेचा एक, आणि पाणी चढायच्या आधी घाटावर उभ्या राहिलेल्या बायकांचा एक. बस्स, एवढाच माझा पसारा. त्या आठवड्यात मात्र माझं दार सारखं वाजायचं. मोठ्या मोठ्या शहरांतून लोक मला उघडत, तारीख पाहत, आणि घाटावरच्या फोटोत आपली आई शोधत.

पहिल्याच वर्षी एक घोटाळा झाला. पार्वताबाई नावाची एक म्हातारी तेजरामांच्या घरी आली. नव्या वसाहतीतला तिचा प्लॉट तिच्या नावावर चढत नव्हता. ती आली तेव्हा तेजरामांनी मला उघडून ठेवलेलं होतं.

"हे घे बाबू, आधार कार्ड. माह्यं नाव चढव याच्यात."

"कायच्यात, मावशी?"

"याच्यातच. सरकारच्या याच्यात."

"हे सरकारी नाही ना पन."

"नाही कसं? शेवटी इन हाय. तलाठ्याकडल्या कागदावर बी इनच हाय. मी वाचून घेतलं पोट्टीकडून."

"त्यायच्या इनच्या आधी गव्ह रायते, मावशी. आपल्या इनच्या आधी नुसतं गाव हाय."

"गावच तं बुडालं ना!" ती म्हणाली. "आता त्याच्यात राहिलं काय?"

आतून तेजरामांच्या बायकोचा, रत्नमालाबाईंचा आवाज आला, "चहा घेऊन राहिली का मावशी, का सरकारी चहाच पाहिजे?" म्हातारी हसली. पण जाताना ती आधार कार्ड पदरात बांधू लागली तेव्हा तिची गाठ काही लवकर बसेना. ते मला दिसलं. एकटी तीच नव्हती. वसाहतीतल्या बऱ्याच जणांचा तोच समज झाला होता. ज्यांच्या घरावर आयुष्यभर कागदांनीच हुकूम चालवला, त्यांना कुठलाही छापील पत्ता सरकारचाच वाटणार. त्या आठवड्यात तेजरामांनी माझ्यावर लिहून टाकलं, 'हे सरकारी नाही. हे आपलं आहे.'

मंडई उरकली की माझ्याकडे कोणी फिरकत नसे. उन्हाळ्यात, पावसाळ्यात महिनेच्या महिने मी मिटलेला. सवय झाली होती. अधूनमधून तेजराम मला उघडत, काही न बदलता पाहत, आणि मिटत. सायकल चालवून आलेल्या माणसाने घराच्या भिंतीला हात लावून उभं राहावं, तसं.

मग एका वर्षी दिवाळी आली आणि ओळ बदलली नाही. त्या वर्षी मंडया भरल्याच नाहीत. आजाराची भीती होती. पुढच्या उन्हाळ्यात तीच साथ दुसऱ्यांदा आली. मला कोणी काही सांगितलं नाही. मला फक्त एवढं कळलं, की मला उघडणारा हात बदलला.

फोन तोच होता, तेजरामांचा, काचेला कोपऱ्यात तडा गेलेला. पण हे बोट हळू होतं. एकेक अक्षर शोधून दाबणारं. मी उघडलो तेव्हा समोर रत्नमालाबाई होत्या. त्यांच्यामागे भिंतीवर बुद्धाची तसबीर, बाबासाहेबांची, आणि त्यांच्या शेजारी एक नवीन फोटो. त्याला हार होता. तो फोटो पाहिला, आणि मग मला कोणी सांगायची गरज उरली नाही.

माझ्यावर अजून तेजरामांनी शेवटची लिहिलेली ओळ होती. 'यंदाची मंडई ३ नोव्हेंबरला. जेवल्याशिवाय जायचं नाही.'

रत्नमालाबाईंनी ती ओळ वाचली. ओठ हलवून वाचली. मग मला मिटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. बुद्धासमोर मेणबत्ती लावून झाली की त्या फोन घेऊन बसायच्या. माझ्याकडे रोज येणारं आता हे एकच माणूस होतं; एरवी सुरतेहून कोणीतरी कधीमधी न बोलता डोकावे, एवढंच. गावाने एव्हाना फोनवर ग्रुप केला होता, मंडईची तारीख तिथेच फिरू लागली होती. मला कोणी विसरलं म्हणून मी रागावत नाही. पत्त्याने रागवायचं नसतं. पण एकाच माणसाने रोज यावं, एकच ओळ वाचावी आणि जावं, यातला एकटेपणा मला माझ्यापेक्षा त्यांचा जास्त वाटायचा.

माझ्यासारखा पत्ता ठरावीक मुदतीचे पैसे भरूनच मिळतो; तेजरामांनी माझे पुढच्या काही वर्षांचे भरून ठेवलेले होते. ती मुदत संपत आली तसे अनुपचे फोन सुरू झाले. एकदा मी उघडाच होतो आणि त्याचा फोन आला, तेव्हा ऐकलं.

"काकू, मुदत वाढवाची असन तं मालकाचं नाव बदलावं लागन. काकाच्या नावानं चालू ठेवता नाही येत आता."

"पाहू."

"मांगच्या महिन्यात बी पाहूच म्हटलं होतं तुमी."

"पाहू म्हटलं ना, अनुप. फोनवर नको बोलू हे."

मला त्यांचं कळत होतं. बँकेत, पोस्टात, रेशन कार्डावर, सगळीकडे त्यांनी स्वतःच्या हाताने तेजरामांचं नाव काढलं होतं. एक मीच उरलो होतो, जिथे ते अजून मालक होते आणि अजून 'यंदा' म्हणत होते. माझं नाव फिरवायचं म्हणजे शेवटचं दार लावून घ्यायचं. न फिरवावं, तर काही महिन्यांत मीच जाणार, आणि माझ्याबरोबर चिचटोल्याचं नावही. मग ते नाव कोणीही उचलावं आणि त्यावर 'विकणे आहे' लिहावं. दोन्हीकडून त्यांचंच जाणार होतं. त्या 'पाहू' म्हणत राहिल्या.

अशातच ३ नोव्हेंबर आली.

त्या दिवशी दुपारी मला कोणीतरी रत्नमालाबाईंच्या दारातच उघडलं. फोन तो तडा गेलेला नव्हता, आवाज मोठा.

"हे पाहा ना वहिनी, लिहून हाय! तीन नोव्हेंबर. अना मैदानात तं काळं कुत्रं नाही. पाळन्याचे खड्डे तेवढे दिसून राहिले."

टेकचंद होते ते. चिचटोल्यातले विणकर, तेजरामांचे लहानपणापासूनचे सोबती. गाव उठल्यावर सुरतेला पॉवरलूमवर गेले, त्यानंतर फोन नंबर बदलला आणि सगळ्यांशी संबंध तुटला. ग्रुपमध्ये त्यांचं नाव नव्हतं. त्यांच्याकडे मी होतो. सोबत त्यांच्या पत्नी कौशल्याबाई पिशव्या घेऊन उभ्या होत्या. यंदाची मंडई चार दिवसांपूर्वीच होऊन गेली होती.

"म्या म्हटलं होतं यायले," कौशल्याबाई म्हणाल्या, "कोनाले तरी इचारून निंगू. तं म्हनते कसे, तेजरामभाऊनं लिहिलं म्हंजे इचाराचं काय काम!"

"मंग? लिहिलंच हाय ना त्यानं. चुकला कसा पन हा? जनमभर दुसऱ्याच्या पत्त्यातल्या चुका काढल्या यानं. कुठं हाय? ड्युटीवर का? येऊ द्या घरी, चांगला हाणतो त्याले."

रत्नमालाबाई दारातून बाजूला झाल्या. त्यांच्या मागची भिंत मोकळी झाली.

फोन टेकचंदांच्या हातात तसाच उघडा होता. त्यामुळे मला त्यांचा चेहरा दिसला. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा भिंतीकडे. जणू दोघांपैकी कोण खोटं बोलतंय, ते ठरवत होते.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"दीड वर्ष झालं."

"अवो पन… मी तं पाहत होतो ना हे. करमलं नाही का उघडून पाहो. त्याचं लिहिनं दिसे. तारीख जुनीच हाय, हे ध्यानातच नाही आलं. म्हनो, बरा हाय भाऊ." त्यांचा आवाज अगदी लहान झाला. "म्हनून फोन बी नाही शोधला म्या कोनाकडून."

रत्नमालाबाईंनी भिंतीवरच्या फोटोचा हार सरळ केला. मग म्हणाल्या, "मी बी तसंच पाहत होती, भाऊजी."

कौशल्याबाईंनी पिशव्या खाली ठेवल्या आणि त्यांना धरलं. तेवढ्यात फोनची काच काळी झाली, आणि मी मिटलो. पुढचं त्या घरात काय झालं, मला माहीत नाही. मला तेवढंच ऐकायला मिळायला हवं होतं, असंही असेल.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मी अनुपच्या दुकानात उघडलो. रत्नमालाबाई समोर बसल्या होत्या. मांडीवर तडा गेलेला फोन.

"याच्यावर एक नंबर येईन, काकू. तो सांगा," अनुप म्हणाला.

फोन वाजला. तेजरामांच्या नावाने आलेला तो शेवटचा निरोप असावा. रत्नमालाबाईंनी एकेक आकडा सावकाश सांगितला.

"आता मालकाचं नाव."

"त्यायचं बाजूले राहू दे ना. दोघायचं नाही का होत?"

"एकच बसते, काकू."

त्यांनी अनुपचा हात बाजूला केला आणि स्वतः अक्षरं शोधू लागल्या. रत्नमाला. मध्ये तेजराम, मग आडनाव. पूर्ण लिहून झाल्यावर त्या मधल्या नावाकडे पाहत राहिल्या. ते तिथे होतंच. कोणाच्या परवानगीची गरज नव्हती.

"वरची ओळ?" अनुपने विचारलं. "नुसती तारीख खोडू का पुरी?"

"पुरी. त्या ओळीनं एक मानूस सुरतेहून येऊन रिकाम्या मैदानात उभा राहिला."

"अना तिथं काय लिहू?"

त्यांनी सांगितलं आणि अनुपने लिहिलं. माझ्या अंगावरून तेजरामांचा हात गेला आणि त्या जागी हे आलं: 'तेजराम आपल्यात नाहीत. चिचटोल्याची मंडई भरते. पुढची तारीख ठरली की वर्ष घालून लिहीन. रत्नमाला.'

त्या संध्याकाळी मला कोणी उघडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी वाट पाहिली नाही असं म्हणणार नाही. पण माझ्यावर आता त्यांना वाचायचं असं काही उरलं नव्हतं, आणि रोज यायचं त्यांनी थांबवलं हे बरंच झालं, हे मी स्वतःला बरेच दिवस समजावत होतो.

पुढच्या दिवाळीआधी त्या आल्या. स्वतःच्या फोनवरून. तारीख लिहिली, महिना लिहिला, वर्ष लिहिलं. खाली, कोणी विचारलं नसताना, कोणत्या फाट्यावर उतरायचं तेही लिहिलं. त्या आठवड्यात माझं दार पुन्हा वाजू लागलं. भिलाईहून, सुरतेहून, नागपूरहून. काही जण मला उघडून नुसतेच थांबले. वरचं तेजरामांचं वाचून थांबले असतील. त्यांनाही ते कळायला हवंच होतं.

आता मी जुना झालो. अनुपच्या दुकानात आज झेरॉक्स आणि आधारची कामं चालतात. मराठी अक्षरांत लिहिता येईल अशी 'डॉट भारत' ही शेपूटही आता मिळते; कोणी माझी तशी धाकटी बहीण आणली तर मला आनंदच आहे. माझं कधी काय होईल, सांगता येत नाही. पण तुम्ही माझं इतकं ऐकलंत, म्हणून एक मागतो. तुमच्या ओळखीच्या एखाद्या पत्त्यावर जुनी ओळ दिसली, की 'सगळं ठीक आहे' म्हणून मिटू नका. तिथल्या कोणाला तरी एक फोन करा. आम्ही पत्ते लिहिलेलं तसंच धरून ठेवतो. माणूस आहे की नाही, ते आम्हाला सांगता येत नाही.

यंदाच्या मंडईच्या दिवशी मी पहाटेपासून मिटलेलाच होतो. सकाळ गेली, दुपार गेली. एकानेही माझं दार वाजवलं नाही. आदल्या दिवसापर्यंत येणारे सगळे अचानक कुठे गेले, म्हणून मी आधी घाबरलो. मग लक्षात आलं. कोणाला पत्ता विचारायची गरजच उरली नव्हती. सगळे पोहोचले होते.

तेव्हा तुम्हीही मंडईच्या दिवशी मला उघडत बसू नका. त्या दिवशी गावात या.